आळंदी फाट्यावरचा हॉल्ट

माझा नवरा चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅचला आहे. म्हणजे माल भरून निघालेले ट्रक वेळेत पोचतात की नाही, ते बघायचं खातं. त्याच्यासमोर मोठा स्क्रीन असतो. स्क्रीनवर हिरवे ठिपके सरकत असतात. एखादा ठिपका थांबला रे थांबला की हा फोन उचलतो, "काय भाऊ, वीस मिनिटं हॉल्ट? का?" पलीकडून ड्रायव्हर म्हणतो, साहेब, चहा. हा म्हणतो, वीस मिनिटं चहा? हे दिवसभर चालतं. माणूस वाईट नाही हो, पण बारा वर्षं हेच करून त्याला दुसऱ्या कुणाच्या थांबण्यावर विश्वासच राहिलेला नाही.

आम्ही रावेतला राहतो, घरात तिघंच. मी, नवरा आणि सासूबाई. मी हिंजवडीला नोकरी करते आणि गाडी माझ्याकडे असते, तो बाईकने चाकणला जातो. गाडी घेतली तेव्हा तिच्याबरोबर एक अ‍ॅप आलं आणि ते अर्थातच त्याच्या फोनमध्ये गेलं. गाडी सुरू झाली की त्याला कळणार, थांबली की कळणार, कुठे थांबली तेही कळणार. झालं! त्या दिवसापासून मी ट्रक झाले.

"डांगे चौकात अकरा मिनिटं हॉल्ट?"

"पेरू घेत होते!"

"अकरा मिनिटं पेरू?"

हिंजवडीच्या जॅममध्ये अडकले तरी फोन. "बराच वेळ हललेली नाहीस." अहो, संध्याकाळी सहाला हिंजवडीत कोण हलतं? पण हे मी हसण्यावारी नेत होते. काळजीपोटी करतो, करू दे. बाकीच्या बायकांचे नवरे कुठे आहेत हेच त्यांना ठाऊक नसतं, माझ्या नवऱ्याला निदान मी कुठे आहे ते ठाऊक असतं, असं म्हणून मी ऑफिसात फुशारकीही मारली होती.

मग एका शनिवारी मी पोळ्या लाटत होते. नवऱ्याला शनिवारी कामच असतं, एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. निवडता निवडता खालमानेनं म्हणाल्या, "ह्या गाडीला कळतंय का गं, आपण कुठं चाललाव ते?"

मी म्हटलं, "गाडीला कळतं आणि तुमच्या लेकालाही कळतं. का?"

 त्या मेथीची एकच काडी किती वेळ हातात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ती सातव्या महिन्यात हाय म्हणं."

"ती" म्हणजे माझी नणंद. आमच्या घरात तिचं नाव घ्यायची सोय नव्हती. सासरे लवकर गेले. मराठवाड्यातून आई आणि धाकट्या बहिणीला इकडे आणलं ते माझ्या नवऱ्यानं. बहिणीला शिकवलं त्यानं, तिच्या शाळेच्या मीटिंगला बाप म्हणून जायचा तोच. त्यानं तिच्यासाठी एक स्थळ ठरवलं, शब्द दिला आणि हिनं चाकणच्या एका कंपनीतल्या मुलाशी जाऊन लग्न केलं. मुलगा जातीतला नव्हता, पण खरं सांगायचं तर माझ्या नवऱ्याला जात एवढी झोंबली नाही जेवढं तिनं त्याला न विचारणं झोंबलं. "मला बहीण नाही," म्हणाला आणि तोंड मिटलं. त्याला सहा वर्षं झाली. त्या मुलालाही आई नाही. पहिलं बाळंतपण पोरीनं माहेरी करायचं असतं आणि हिचं माहेर बंद. राहत कुठे होती? चाकणला, माझ्या नवऱ्याच्या कंपनीपासून हाकेच्या अंतरावर.

"मला जायचंय," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं नाही म्हणलं तर मला त्याच्यापुढं रडावं लागंल. मी त्याच्यापुढं रडणार नाही. त्यानं लई केलंय आपल्यासाठी. पण लेक हाय माझी."

आता मी स्वभावानं तापट. हे ऐकून माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बाईनं स्वतःच्या लेकीकडे जायला सुनेला विचारायचं, ते पण मेथी निवडता निवडता! मी लाटणं ठेवलं आणि म्हटलं, "जाऊ. मी नेते."

पण जायचं कसं? अ‍ॅप बंद केलं तर पहिला फोन त्याचाच. चोरून बंद करण्यात अर्थ नव्हता. मग मी ठरवलं, उघड भांडायचं. त्याच रात्री जेवताना मी सुरू केलं, "मी काय ट्रक आहे?"

"काय झालं?"

"मी काय तुमच्या कंपनीचा माल वाहते? बायकोला पेरू घ्यायला अकरा मिनिटं लागली तर हिशेब द्यायचा? माणसाला काही खासगी असतं की नाही?"

गंमत अशी की मी नाटक म्हणून सुरू केलं आणि बोलता बोलता मला खरंच राग आला. तीन वर्षांचा साठलेला होता बहुतेक. मी गाडीच्या अ‍ॅपवरून फोनवरच्या नकाशावर गेले, नकाशावरून गाण्यांवर गेले. घरातल्या सगळ्यांचं गाण्याचं खातं एकच, त्यामुळे मी गाडीत काय ऐकते ते घरच्या स्पीकरला माहीत, ह्यांना माहीत, जगाला माहीत. सासूबाई खाली बघून भात कालवत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी तिकडे बघितलं असतं तर हसले असते.

त्यानं पाणी प्यायलं, फोन काढला आणि माझ्यासमोर अ‍ॅप उडवलं. "घ्या. करा मजा," म्हणाला. पुढचे दोन दिवस घुम्यासारखा होता. तत्त्वाची लढाई जिंकूनही मला चोरट्यासारखं वाटत होतं, कारण तत्त्व खरं होतं आणि कारण खोटं.

पुढचं सगळं ऑफिसातल्या एका पोरीनं शिकवलं. ती अशा गोष्टींत पक्की. तिनं आधी माझ्या गाडीचा स्क्रीन उघडून दाखवला आणि मी हबकलेच. मी कधीतरी फोन जोडला होता, तर गाडीनं माझी अख्खी फोनबुक गिळून ठेवली होती. सासूबाईंनी माझ्या फोनवरून कुणाला लावला, किती वाजता लावला, सगळं तिथं. ते पुसलं. मग तिनं माझा जुना फोन मागवला, ड्रॉवरमध्ये पडला होता तो. त्यातलं सिम काढलं, सगळी खाती काढली आणि एक नकाशा उतरवून दिला. हा नकाशा लोकांनी हौसेनं बनवलेला, ह्याला नाव द्यावं लागत नाही, खातं लागत नाही, एकदा घरच्या वायफायवर उतरवला की नेट नसतानाही चालतो.

मी विचारलं, "पण सिमच नाही, तर आपण कुठे आहोत ते ह्याला कळणार कसं?"

ती म्हणाली, "तो वरच्या उपग्रहांचं फक्त ऐकतो. आपल्याबद्दल कुणाला काही सांगत नाही."

हे मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नुसतं ऐकतंय आणि बाहेर बोलत नाही? असं माणूस मिळायला नशीब लागतं बाई."

ह्या नकाशात एकच खोट, पुढे ट्रॅफिक आहे की नाही ते कळत नाही. पण चाकणच्या रस्त्याला ट्रॅफिक आहे हे सांगायला नकाशा कशाला लागतो? नणंदेच्या घराची खूण करून ठेवली आणि नाव दिलं 'दळण'.

गाण्यांसाठी पेनड्राइव्ह आणला. आणि तो भरून दिला कुणी? नवऱ्यानंच! रुसवा गेल्यावर म्हणाला, "तुमच्या त्या प्रायव्हसीत गाणी बसतात ना? आण इकडं, भरून देतो." सासूबाईंना आवडतात त्या जुन्या गवळणी, मला आवडतात ती नाचायची गाणी, सगळं नीट वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. त्याचा हात अशा कामाला चांगला आहे. मला तेव्हा फार वाईट वाटलं, खरंच सांगते.

त्याला सांगितलं, आईंना दर शनिवारी आळंदीला जायचंय. तो म्हणाला, "जा की. माझाही नमस्कार सांगा."

पहिल्या शनिवारी निघालो. भक्ती-शक्ती चौकावरून स्पाइन रोड, मोशी, इंद्रायणीचा पूल आणि मग आळंदी फाटा. फाट्यावर उजवीकडे वळलं की आळंदी. आम्ही सरळ गेलो. सासूबाईंनी उजवीकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, "देवा, पोरीकडं चाललेय, समजून घे." पुढे नकाशानं आम्हाला गल्ल्यागल्ल्यांतून फिरवून एका कारखान्याच्या मागच्या गेटसमोर उभं केलं. नणंदेची गल्ली नवीन, ती त्याच्यात नव्हतीच. वॉचमन पळत आला, "कुणाकडं जायचंय?" सासूबाई म्हणाल्या, "लेकीकडं." त्यानं सवयीनं रजिस्टर पुढे केलं. आणि मी, उपग्रहांना चुकवून आलेली शहाणी, मीही सवयीनं सगळं भरून दिलं! नाव, मोबाईल नंबर, गाडीचा नंबर, येण्याची वेळ, सही. एमआयडीसीत नोकरी करून हात आपोआप चालतो, रजिस्टर दिसलं की भरायचं. कारणाच्या रकान्यात मी 'लेक' लिहिलं. सासूबाई हसून हसून खोकायला लागल्या. वॉचमनला सगळा प्रकार कळला तेव्हा त्यानंच रस्ता सांगितला, गेटच्या अलीकडे डावीकडे, पिठाच्या गिरणीवरून आत.

नणंदेनं दार उघडलं आणि आईला बघून ती म्हणाली, "दादा?"

आई नाही म्हणाली, दादा म्हणाली. सासूबाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग दोघी रडल्या आणि मीही रडले, मला कुणी विचारलं नव्हतं तरी.

त्यानंतर दर शनिवारी आमची आळंदी सुरू झाली. सासूबाई शुक्रवारी कामाला लागायच्या. सातव्या महिन्याची ओटी भरली. मग आंबट-गोड डोहाळे, थालीपीठ, कैरीचं लोणचं. दिवस भरत आले तसं त्यांनी लाडवांचं काढलं. डिंक तुपात तळून फुलवला, खोबरं भाजलं, खारीक कुटली, अळीव नारळाच्या पाण्यात भिजवले. सगळ्या मजल्यावर घमघमाट! शेजारची वहिनी दारात येऊन म्हणाली, "कोण बाळंत झालं गं?" मी म्हटलं, "अहो नाही, आईंचे सांधे दुखतात." नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. त्यानं पान उलटलं. रात्री त्यानं डब्यातला एक लाडू उचलून खाल्ला आणि म्हणाला, "डिंक मस्त फुललाय. आळंदीला नेता का हेच?" आई म्हणाल्या, "हाव. प्रसाद." तो म्हणाला, "मग जास्तीचे न्या."

नणंदेला मंगळवारी मुलगा झाला. मी अर्धी सुट्टी टाकून सासूबाईंना दवाखान्यात नेलं. पण राहायचं कसं? संध्याकाळी परत यावं लागलं. बाळंतिणीला शेक-शेगडी कोण करणार, बाळाला तेल कोण लावणार? जावई बिचारा शिफ्टला जाऊन येऊन करत होता.  परतीच्या वाटेवर मोशीच्या पुढे आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पुढल्या शनिवारी बारावा दिवस. बारसं करू म्हणली. त्याच दिवशी कान टोचायचे." आणि मग, "कान टोचताना लेकराला मामाच्या मांडीवर बसवतात. कुणाच्या मांडीवर बसवायचं?"

 मी म्हटलं, त्यांना सांगून टाकू. तर एकदम माझा हात धरला त्यांनी. "नगं. त्यानं नाही म्हणलं तर मग मला जाताच येणार नाही. हे आहे तेवढं तरी ऱ्हाऊ दे." एवढीच त्यांची भीती होती. लेकाचं एक 'नाही' आणि ते चोरटे शनिवारसुद्धा संपले असते.

बारशाचा शनिवार उजाडला आणि बघते तर नवरा घरी. "कंपऑफ घेतलाय, जादा कामाची सुट्टी," म्हणाला.  सासूबाईंनी कुंची, टोपडं, चांदीचे वाळे पिशवीत तळाशी घालून वर हार-फुलं ठेवली होती. म्हटलं, आता हा म्हणणार मी पण येतो आळंदीला. पण तो काही म्हणाला नाही. आम्ही निघताना फक्त पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. "नवीन फोल्डर टाकलाय. सगळ्यात वर आहे. ऐका सवडीनं."

इंद्रायणीचा पूल ओलांडला. मग सासूबाई म्हणाल्या, "लाव काहीतरी. शांततेनं जीव घाबरायलाय." मी सगळ्यात वरचं लावलं.

आधी नुसती खरखर. मग एका लहान मुलीचा आवाज, "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक चौऱ्याहत्तर..."

"अडुसष्ट!" दुसरा आवाज, नुकता फुटायला लागलेला. "परत. पहिल्यापासून."

"दादा, मला भूक लागली."

"पाढा झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

आणि लांबून, स्वयंपाकघरातून, एका बाईचा तरुण आवाज, "अरे जेवू दे तिला, लेकराला. तू पण ये."

सासूबाईंनी स्वतःचा आवाज ओळखला. त्यांनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. सासऱ्यांचा टेपरेकॉर्डर होता, त्यांच्या कॅसेटची पिशवी आमच्या माळ्यावर पडून होती. त्यातली एक कॅसेट शोधून त्यानं कुठून तरी ती उतरवून आणली होती. कधी आणली, कोण जाणे. आम्ही गाडी गप्प केली, फोन गप्प केला, सिम काढलं, खुणेला दळण नाव दिलं, आणि घरात मात्र बाळंतिणीचे लाडू वळत बसलो. आळंदीला कुणी अळिवाचा प्रसाद नेतं का? शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तो तर डिस्पॅचचा माणूस.

आळंदी फाटा आला. मी गाडी कडेला घेतली, कारण मला समोरचं दिसत नव्हतं. टेपवर ती परत पहिल्यापासून पाढा म्हणत होती. मागून ट्रक हॉर्न देत होते. पाढा संपला, ती न चुकता सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत पोचली, आणि दादाचा आवाज म्हणाला, "शाब्बास. चल, जेवू."

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "गाडी मागं फिरव," म्हणाल्या.

"बारशाला उशीर होईल, आई."

"होऊ दे. मामाशिवाय कान टोचत नसतेत."

मी वळले. रावेतला पोचलो तर हा खाली गेटपाशी कट्ट्यावर बसलेला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, मांडीवर एक पिशवी. पिशवीतून पाळण्याला बांधायचं लाल-पिवळं खेळणं डोकावत होतं. आम्हाला बघून उठला.  तोच आधी म्हणाला, "कुठं होता इतका वेळ? मी आपला बूट घालून बसलोय."

"आळंदी फाट्याला हॉल्ट घेतला," मी म्हटलं. "तुम्ही मुकाट्यानं बसा आता."

"सरक. मी चालवतो."

मी मागे बसले. तरी सवयीनं जुना फोन काढला, दळणाची खूण लावली आणि पुढे धरला. म्हटलं, शेवटची गल्ली ह्यात नाही, तिथं आले की मी सांगते. त्यानं फोनकडे बघितलंही नाही. आळंदी फाट्यावरून सरळ, चाकणचा चौक, जॅममधून डावीकडे, मग आतल्या गल्ल्या. फोन आपला कारखान्याच्या गेटकडेच बोट दाखवत होता. नवऱ्यानं गेटच्या अलीकडे गाडी डावीकडे घातली, पिठाच्या गिरणीवरून आत नेली, खोल्यांच्या दुसऱ्या रांगेत शेवटच्या दारासमोर उभी केली आणि इंजिन बंद केलं. दाराला झेंडूचं तोरण होतं. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. त्याचे हात स्टिअरिंगवरच होते.

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "तुला कसं ठाऊक रे घर?"

"रोज दोनदा जातो की मी इथून," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली. हॉल्ट नाही घेतला कधी, एवढंच."

"मग घे की आता," आई म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या बाजूचं दार उघडायला हात लांब केला.